बाईंचा पाय

वर्गात शिरल्यावर बाई आधी मुलांचे चेहरे बघत नसत, पाय बघत. कुणी पायावर पाय टाकून बसलंय, कुणाच्या मोज्याचं इलॅस्टिक पोटरीत रुतलंय, हे त्यांना दारातूनच दिसायचं. "मोजा खाली घे रे, वळ उठलाय," असं म्हणतच त्या फळ्यापर्यंत पोचायच्या. नव्या मुलांना वाटायचं, बाई थोड्या वेड्या आहेत. जुन्या मुलांना त्याची खात्रीच होती. तरी विज्ञानाच्या तासाला कुणी दांडी मारत नसे.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा बाईंनी पन्नाशी ओलांडली होती. शाळा कांदिवलीच्या पश्चिमेला, जुनी, मराठी माध्यमाची. दरवर्षी एखादी तुकडी कमी व्हायची आणि उरलेल्या शिक्षकांवर एकेक काम वाढायचं. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन शिक्षकखोलीतल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसणार, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "तिथे नको, तिथे बाई बसतात."

बाई खरंच तिथे बसल्या. आमच्याकडे पाठ करून, एकट्या जेवल्या. टेबलावर एका वाटीत फुलं होती. त्या वाटीत रोज काही ना काही असायचंच. मोगरा, चाफा, काहीच मिळालं नाही तर तुळशीच्या मंजिऱ्या. मला त्या शिष्ट वाटल्या. आपला डबा, आपली फुलं, आपली खिडकी. असतात काही माणसं अशी, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग एकदा जिन्यात मी त्यांच्या मागून चढत होते. त्यांच्या साडीचा काठ घोट्यापाशी ओला दिसला. मी म्हटलं, "बाई, साडी भिजलीय तुमची."

त्यांनी खाली वाकून बघितलं. "पाणी नाही गं ते," त्या म्हणाल्या. "माझा पाय रडतो."

त्या तिथेच पायरीवर कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि कुणी हवापाण्याबद्दल बोलावं तशा सांगायला लागल्या. डाव्या पायाला, घोट्याच्या आतल्या बाजूला जखम आहे. बरीच वर्षं आहे. भरते, पुन्हा उघडते. तिच्यातून पाणी येतं, वास येतो. म्हणून फुलं.

"आणि खिडकीसुद्धा त्याचसाठी," त्या म्हणाल्या. "वारा बाहेर जातो तिथून."

त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःची फार लाज वाटली असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं झालं नाही. मला थोडी किळस आली होती. दुसऱ्या दिवशी मी डबा उघडला तेव्हा नाकाने वास शोधत होते.

बाईंचं मूळ मालवणकडचं. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, उभे असायचे. पाळीभर उभं राहून त्यांच्या पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, मग घोट्याची कातडी काळवंडली, मग तिथे जखम झाली आणि ती शेवटपर्यंत राहिली. हळद झाली, एरंडाचं पान झालं, गावच्या देवाला नारळ झाले. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं रक्त बिघडलंय. घरात जेवायची पानं मांडली की वडील आपलं ताट उचलून गॅलरीत जायचे. लहान बाई त्यांच्या मागे निघाल्या की आई म्हणायची, "तेंच्या पायाचो वास येता गो. तू हयसर बस."

"आणि मी बसायचे," बाई सांगायच्या.

त्यांच्या स्वतःच्या पायाचीही तीच गत झाली होती. दहा प्रकारची मलमं, पावडरी, इंजेक्शनं. "जखम बघायला सगळे आले, पाय कुणी बघितला नाही," असं त्या म्हणत. पाय बघितला तो एका सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने. तिने बाईंना पलंगावर बसवलं नाही, उभं केलं आणि स्वतः जमिनीवर बसून मांडीपासून तळव्यापर्यंत शिरा बघितल्या. मग एका छोट्या यंत्राने पायातल्या रक्ताचा आवाज ऐकला. म्हणाली, "जखम हे लक्षण आहे, आजी. रोग वर आहे." बाई आजी म्हटल्याबद्दल तिला बोलल्या, पण बाकीचं त्यांनी पक्कं धरलं.

पुढे हेच त्या सगळ्यांना सांगायच्या, विचारलं असो वा नसो. "रक्त खाली यायला अक्कल लागत नाही, वर जायला लागते. शिरांमध्ये बारीक झडपा असतात. वर चढलेल्या रक्ताला त्या खाली येऊ देत नाहीत. माझ्या झडपा मोडल्या. आता रक्त घोट्याशी तुंबतं. गटार तुंबलं की पाणी रस्त्यावर येतं ना, तसं ते कातडीतून बाहेर येतं. रस्ता कितीही पुसा, गटार मोकळं केल्याशिवाय काय उपयोग?"

डॉक्टरणीने सांगितलेला उपाय ऐकायला सोपा होता. पायाच्या बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत घट्ट, थरांची पट्टी. चालायचं, घोटा हलवत राहायचं. आणि बसल्यावर पाय वर, छातीपेक्षाही वर. एका जागी उभं राहायचं नाही. ती म्हणाली, रजा घ्या. बाई म्हणाल्या, दहावीचा अभ्यासक्रम अर्धा राहिलाय.

पुढच्या सोमवारी शाळेच्या फाटकात रिक्षा थांबली आणि तिच्यातून बाईंच्या आधी एक आरामखुर्ची उतरली. कापडाची, घडीची. मागून एक उंच स्टूल आणि दोन उशा. शाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी ते सगळं दहावीच्या वर्गात नेलं. बाई आरामखुर्चीत जवळजवळ आडव्या झाल्या, स्टुलावर उशा ठेवून त्यावर डावा पाय ठेवला, आणि पट्टी बांधलेला तो पाय वर्गाकडे करून त्यांनी प्रकाशाचं अपवर्तन शिकवायला सुरुवात केली. फळ्यावर लिहायला एकेक मूल आळीपाळीने.

मुख्याध्यापक धावत आले. भले गृहस्थ होते, पण शाळेच्या इभ्रतीची त्यांना फार काळजी. बाईंना बाहेर बोलवावं तर त्या उठणार नाहीत, म्हणून वर्गातच खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "बाई, मुलांकडे पाय करून बसायचं? वर सरस्वतीचा फोटो आहे. शोभतं का?"

"शोभत नाही, सर," बाई म्हणाल्या. "पण रक्त चढतं."

मुलांपैकी कुणीतरी खुर्चीतल्या बाईंचा फोटो काढला आणि तो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. दोन दिवसांत बाईंना काय काय झालं होतं ते ऐकून घ्यावं. गँगरीन, कुष्ठ, कुणी म्हणालं दारू. तिसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन उभे राहिले. चारकोपला त्यांचं वर्कशॉप होतं, ग्रीस लागलेल्या कपड्यांतच आले होते. मी तेव्हा हजेरीपटावर सही घ्यायला तिथे गेले होते.

"हे बघा सर," ते म्हणाले, "माझा कुणाशी वाद नाय. पण त्यांच्या पायाला कायतरी घाण रोग आहे असं सगळे बोलतायत. माझी पोरगी पहिल्या बाकावर बसते. उद्या तिला झाला तर कोण बघणार?"

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावणं पाठवलं. बाईंचा निरोप आला, मी खाली येऊ शकत नाही, त्यांनाच वर पाठवा. तास चालू आहे.

आम्ही तिघेही वर गेलो. बाईंनी त्या गृहस्थांना शेवटच्या बाकावर बसवलं. मग पहिल्या बाकावरच्या त्यांच्याच मुलीला विचारलं, "तुला भीती वाटते का गं माझ्या पायाची?"

मुलीने मागे वडिलांकडे बघितलं. म्हणाली, "थोडी."

"ठीक आहे. न बघितलेल्या गोष्टीची वाटतेच. आज बघू या."

आणि बाईंनी पट्टी सोडायला सुरुवात केली. वर्गात पंख्याचा आवाज येत होता. पट्टीचे फेरे एकावर एक उलगडत गेले, बाई ते गुंडाळत आपल्या मांडीवर ठेवत होत्या, घाई न करता, जशी लोकर गुंडाळावी. शेवटी आतलं कापड हळूच बाजूला केलं.

मी ती जखम पहिल्यांदा बघितली. घोट्याभोवतीची कातडी तपकिरी, कडक, जुन्या चामड्यासारखी. मधे तळहाताएवढा उघडा भाग, ओला, लाल, कडेला पिवळसर. वरून पोटरीपर्यंत गाठीगाठींच्या निळ्या शिरा. वास आला. एक मुलगा उठून खिडकीपाशी गेला. बाईंनी त्याला जाऊ दिलं.

"काय दिसतंय ते सांगा," त्या म्हणाल्या. "घाण म्हणायचं नाही, तो शब्द विज्ञानात नाही. रंग सांगा."

कुणीतरी म्हणालं, लाल. कुणी म्हणालं, कडेला काळं. मग बाईंनी जवळ ठेवलेली छडी घेतली आणि तिच्या टोकाने स्वतःच्या पायावरची एकेक शीर दाखवत रक्ताभिसरणाचा धडा घेतला. झडपा कुठे असतात, पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर कसं ढकललं जातं. त्यांनी उजव्या पायाची टाच वर केली, खाली केली. "ही पोटरी म्हणजे दुसरं हृदय. ती आळशी झाली की वरचं एकटं पडतं." मग सांगितलं की हा रोग हात लावून होत नाही, एका बाकावर बसून होत नाही. आपलं आयुष्य कसं गेलं, किती उभं राहावं लागलं, आईबापांकडून काय आलं, यावर ते ठरतं.

पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने विचारलं, "बाई, दुखतं का?"

"हो," बाई म्हणाल्या. "आत्तासुद्धा."

मला त्या क्षणी जे वाटलं त्याला नेमका शब्द मी अजून शोधते आहे. गाभाऱ्याशी गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसं काहीतरी. किळस कुठे गेली ते कळलंच नाही.

तास संपला. ते वडील शेवटच्या बाकावरून उठून पुढे आले. मला वाटलं, माफी मागतील, किंवा भांडतील. ते म्हणाले, "बाई, पाणी आणून देऊ का?"

"द्या," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई खिडकीकडे गेल्या नाहीत. आपला डबा घेऊन आम्ही बसायचो त्या मोठ्या टेबलाशी आल्या, एक खुर्ची ओढली, दुसरीवर पाय ठेवला आणि बांगड्याचं तिखलं, माशाचं झणझणीत कालवण, सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. फुलांची वाटी पुन्हा कधी आली नाही. त्यांनी मला सांगितलं ते एवढंच, "बाबा गॅलरीत जेवले. मी नाही जेवणार."

यानंतर बाई अनावर झाल्या असं मुख्याध्यापकांचं मत होतं. प्रत्येक तासाच्या आधी वर्ग उभा करून "टाचा वर, टाचा खाली" सुरू झालं. शिक्षकांच्या बैठकीतही त्या अधूनमधून म्हणत, "टाचा." आम्ही टेबलाखाली निमूटपणे टाचा हलवायचो. एका पंधरा ऑगस्टला पाहुणे म्हणून एक स्थानिक पुढारी आले होते. भाषण लांबत चाललं. मुलं उन्हात उभी, एकदोघी डगमगायला लागल्या होत्या. बाई कडेला खुर्चीत, पाय स्टुलावर. त्यांनी तिथूनच खणखणीत आवाज दिला, "टाचा वर." अख्खं मैदान वर झालं. "खाली." अख्खं मैदान खाली. पाहुणे देशाच्या भवितव्याबद्दल बोलता बोलता थांबले. समोर सगळी शाळा लाटेसारखी वर खाली होत होती. त्यांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं, मुख्याध्यापकांनी झेंड्याकडे. मग पाहुण्यांनी, का कोण जाणे, स्वतःच्याही टाचा उचलल्या. भाषण लवकर संपलं.

हे हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसायचोही. पण मामांचं झालं त्यानंतर बाईंच्या पायाकडे बघून हसायची कुणाची छाती झाली नाही.

मामांच्या पायाच्या अंगठ्याला एक काळपट जखम झाली होती. ती त्यांनी कुणाला दाखवली नाही. पण बाईंना रोज बघत होते, बाईंचा पाय सुधारतोय हेही बघत होते. त्यांनी दुकानातून क्रेप बँडेज आणलं आणि बाईंसारखंच, किंबहुना बाईंपेक्षा घट्ट, बांधून टाकलं. एके सकाळी ते व्हरांड्यातून नोटीस फिरवत येत होते. मध्येच थांबले, पोटरी धरली, थोडे उभे राहिले, पुन्हा चालले. बाई वर्गाच्या दारातून बघत होत्या.

"मामा, इकडे या. पायाला काय झालं?"

"काय नाय बाई. तुमच्यासारखंच. पट्टी बांधलीय."

"बसल्यावर पाय वर ठेवता का?"

"वर ठेवला की जास्त ठणकतो. रात्री पाय पलंगाखाली लोंबता सोडला की बरं वाटतं."

बाईंचा चेहरा बदललेला मी बघितला. त्या तिथेच व्हरांड्यात फरशीवर बसल्या, स्वतःचा दुखरा पाय कसाबसा दुमडून, आणि मामांच्या पायाला हात घातला. मामा संकोचाने मागे सरले. "बाई, पायाला हात नका लावू."

"गप्प बसा." त्यांनी बँडेज उलगडलं नाही, ओरबाडून काढलं. मग पावलावर तळवा ठेवला. माझ्याकडे वर बघून म्हणाल्या, "गार आहे गं. बर्फासारखा. सरांना रिक्षा थांबवायला सांग."

रिक्षात मामा, मुख्याध्यापक, बाई आणि मी, कोंबून. बाईंनी एवढंच सांगितलं, "माझ्या पायातून रक्त वर जात नाही. ह्यांच्या पायात ते पोचतच नाहीये. मला जे औषध, ते ह्यांना विष."

त्याच डॉक्टरणीने मामांना बघितलं. मामांच्या पायाकडे जाणारी मोठी धमनी जवळपास बंद झाली होती. तरुणपणापासूनच्या बिड्या. ती म्हणाली, आणखी काही दिवस ती पट्टी तशीच आवळलेली राहिली असती तर पाय गुडघ्याखालून गेला असता. दुसऱ्या दिवशी जांघेतून तार घालून रक्ताची वाट मोकळी केली. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. पाय राहिला.

शस्त्रक्रिया चालू असताना बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. पाय वर ठेवायला जागा होती, पण त्यांनी तो जमिनीवरच ठेवला होता. मी सांगितलं तरी ऐकेनात. म्हणाल्या, "माझं बघून बांधलं गं त्यांनी."

"तुम्ही कुठे सांगितलं होतं?"

"सांगितलं नाही. दाखवलं. अर्धंच दाखवलं."

मामांची बायको नंतर शाळेत नारळ आणि साडी घेऊन आली. बाईंनी नारळ ठेवून घेतला, साडी परत केली आणि विचारलं, "बिडी सुटली का?" त्यानंतर रक्ताभिसरणाचा धडा त्या दोन दिवस घ्यायला लागल्या. एक दिवस नेणाऱ्या नळ्यांचा, एक दिवस आणणाऱ्यांचा. आणि कुणीही पायाबद्दल विचारायला आलं की आधी सांगायच्या, "माझी पट्टी माझ्या पायाची आहे. तुझा पाय आधी दाखवून ये."

बाईंच्याही शिरेवर लेझरचा उपचार झाला आणि काही महिन्यांनी जखम भरली. जिथे उघडं होतं तिथे गुलाबी, चकचकीत, पातळ कातडी आली. त्यांनी पेढे आणले. मुख्याध्यापकांनी दोन खाल्ले आणि म्हणाले, "आता ती खुर्ची घरी न्यायची ना?" बाई हसल्या.

पावसाळ्यानंतर एका सकाळी मी नळावर पाणी भरत होते. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "बाकाचा कोपरा लागला परवा," त्या म्हणाल्या. "उघडली."

माझ्या हातातली बाटली भरून वाहायला लागली. इतकी वर्षं, इतकं सगळं केलेलं. मी म्हटलं, "मग आता?"

"आता पुन्हा," बाई म्हणाल्या, नळ बंद केला आणि वर्गाकडे गेल्या. मी त्यांना पाठमोरं बघत राहिले. खांदे पडलेले नव्हते. पाय टाकताना घोटा वळवून, टाच आधी टेकवून, डॉक्टरणीने शिकवल्याप्रमाणे त्या चालत होत्या.

त्या निवृत्त झाल्यावर बरेच दिवस माझं जाणं झालं नाही. अलीकडे एका संध्याकाळी त्यांच्या चारकोपच्या घरी गेले. सेक्टरमधली बैठी जागा, पुढे छोटा हॉल. दार उघडंच होतं. दारात चपलांचा ढीग. आत डोकावले तर हॉलमध्ये बायका जमिनीवर सतरंजीवर उताण्या झोपल्या होत्या आणि सगळ्यांचे पाय भिंतीवर सरळ वर टेकवलेले. मधोमध बाई, डाव्या पायाला पट्टी. भिंतीवर टाचांच्या उंचीला काळपट पट्टा उमटला होता.

"ये," बाई झोपूनच म्हणाल्या. "या सगळ्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या. दिवसभर उभ्या राहून पॅकिंग करतात. घरी गेल्या की पुन्हा ओट्याशी उभ्या. मधे थोडा वेळ इथे येतात. एकेकीचे पाय तपासून आणलेत मी, काळजी करू नकोस. तू उभी का? तूही फळ्यासमोर उभीच असतेस ना वर्षानुवर्षं? झोप."

मी पर्स कोपऱ्यात ठेवली, साडी नीट केली आणि दोघींच्या मधे जागा करून पडले. पाय वर टाकले. पहिल्यांदा फार विचित्र वाटलं. मग पायांतून काहीतरी हळूहळू उतरायला लागलं, जणू कुणी आत साठलेलं ओझं काढून घेतंय. बायका छताकडे बघत गप्पा मारत होत्या. मुलांच्या फी, मासळीचे भाव, कुणाच्या तरी सासूचं पथ्य.

माझ्या शेजारची म्हणाली, "बाई, सांगायचं राहिलंच. तुम्ही शेठशी बोलून गेलात ना, त्याने आज स्टुलं आणून ठेवली. टेबलाच्या मागे."

"मग?" बाईंनी विचारलं. "बसलात?"

"नाय. कोणीच नाय बसलं. तो केबिनमधून बघत होता. पहिलं कोण बसणार?"

बाई म्हणाल्या, "किती वाजता सुरू होतं तुमचं?"

"नऊला."

"मी येते उद्या. पहिली मी बसते, मग तुम्ही बसा."

मी हे ऐकून उठायला लागले होते, पाय भिंतीवरून अर्धे खाली आले होते. बाईंनी न बघताच हात लांब करून माझं ढोपर पुन्हा वर ढकललं.